मयत सभासदाचा मान

माजी सभासद वारला म्हणजे विधानसभा शोकप्रस्ताव करते आणि सभासद स्तब्ध उभे राहतात. रीत चांगली आहे. परंतु ठरावाची किंमत काय, ती आम्हां वरंध-महाडकरांस पुसावी! रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव पास करविला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांबरोबर लोक ते पाणी प्याले, तर त्यांस मार पडला. हायकोर्टाचा निकाल मिळावयास १९३७ साल उजाडले. म्हणून शोकप्रस्तावाबरोबर मयताने पास करविलेले ठरावही सभागृहात वाचावे, आणि कोणते अमलात आले नाहीत व का, हे मंत्र्यांनी तेथल्या तेथे सांगावे.