नळीचे दुखणे आणि अफूचे नाव

भाजीच्या भावापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत या सदरात मी कशावरही लिहितो. दिवाळी अंकासाठी ‘काहीतरी खुसखुशीत द्या’ असा संपादकांचा निरोप आला. खुसखुशीतपणाची जबाबदारी चकलीवर सोपवून मी लघवीच्या नळीवर लिहायला बसलो आहे. वाचकांनी नाक मुरडू नये. साठी उलटलेल्या माणसांच्या घरात हा विषय केव्हाही येऊ शकतो, आणि लाजेपायी कोणी त्याविषयी बोलत नाही.

यंदा आषाढात माझ्या मूत्राशयातील गाठ दुर्बिणीतून काढली. बाहेर ना जखम, ना टाका. म्हणून भेटायला येणारे ‘चला, सुटलात!’ म्हणून मोकळे होत. भूल उतरल्यावर छळले ते नळीने. लघवीला लागली आहे, आत्ता, या क्षणी, ही एकच भावना! पिशवीत तर धार चालूच. पण हे मूत्राशयाला कोण सांगणार?

त्याचे कारण सर्जननी समजावले. नळी निसटू नये म्हणून तिच्या टोकाजवळ पाण्याने फुगवलेला एक लहान फुगा असतो. अमेरिकन शल्यविशारद फ्रेडरिक फोली यांचे नाव या नळीला आहे. फुगा टेकतो तो नेमका मूत्राशयाच्या तोंडाशी, नाजूक जागी. मूत्राशयाला वाटते आपण भरलो; ते आवळते आणि कळ येते. आपण कुंथलो की ते आणखी चिडते. पुरुषांना हा त्रास अधिक होतो, आणि जाड नळीने वाढतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर होते. शस्त्रक्रिया तीच. रात्री ते पंचाचा बोळा दातांत धरून पडलेले. सिस्टरने विचारले की म्हणत, “ठीक आहे.” शेवटी सिस्टरनेच रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी ट्रामाडोलचे नाव काढताच मास्तरांचा मुलगा उठला. “मॅडम, ते अफूच्या जातीतले ना? बाबांना या वयात असली सवय नको.”

बाईंनी त्याला लगेच उत्तर दिले नाही. आधी पिशवी पाहिली, नळी कुठे दुमडली आहे का ते पाहिले. तासाभरात पिशवीत फारसे काही उतरले नव्हते. मोठ्या सिरिंजने सलाइन घालून नळी धुतली, तेव्हा रक्ताच्या गुठळ्या बाहेर आल्या. मास्तरांचा निम्मा चेहरा तिथेच सैल झाला. “नळी तुंबलेली असताना नुसते दुखणे दाबले असते, तर घात झाला असता,” बाई म्हणाल्या.

कळा मात्र राहिल्याच. मग त्यांनी मुलाला बसवून विचारले: फिट येतात का, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, मूत्रपिंडे कशी आहेत, दम्याचा त्रास आहे का. “देखरेखीखाली एक-दोन दिवस मोजून दिलेले औषध वेगळे आणि व्यसन वेगळे,” त्या म्हणाल्या. आणि मास्तरांकडे वळून, “सर, तुम्हाला काय हवे आहे?”

हा प्रश्न तोवर त्यांना कोणी विचारलाच नव्हता. मास्तर म्हणाले, “झोप.”

औषध शिरेतून सावकाश दिले. अर्ध्या तासाने मास्तर मला म्हणाले, “कळ येते हो, पण आता माझ्या अंगावर ओरडत नाही.” पहाटे एकदा उलटी झाली, तो या औषधाचाच गुण. मुलानेच भांडे धरले.

घरी आल्यावर मी थोडे वाचले. लखनौच्या संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवले की, शस्त्रक्रियेच्या वेळीच ट्रामाडोल दिले तर नळीचा हा त्रास कमी होतो. मात्र मळमळ आणि गुंगी वाढते. मूत्राशयाचा स्नायू सैल करणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधेही आहेत. पण त्यांनी तोंडाला कोरड पडते, म्हाताऱ्यांना भ्रम होऊ शकतो. अफूवर्गीय औषधाने शौचाला खडा होतो, आणि कुंथले की कळ आलीच; म्हणून जोडीला रेचक मागून घ्यावे. या औषधांनी लघवी अडूही शकते. नळी आहे तोवर त्याची चिंता नाही. ती निघायच्या सुमारास डोस आवरता घेतात.

गंमत अशी की, ज्या अफूच्या नावाने आपण दचकतो, ती आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिची औषधे होतात. १९८५ च्या कायद्याने या औषधांवर कडक बंधने आली. दुखणाऱ्यांना मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ट्रामाडोलवर २०१८ पासून याच कायद्याचा अंमल आहे. म्हणून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी देऊ नयेत, आणि स्वतःच्या मनाने डोसही वाढवू नये.

तेव्हा वाचकहो, घरातले कोणी वडीलधारे नळी लावून पडले असतील, तर ‘ठीक आहे’ या उत्तरावर विसंबू नका. पिशवी बघा. धार थांबली असेल किंवा गुठळ्या दिसत असतील तर सिस्टरला हाक मारा. आणि दुखते किती, हे त्यांना जवळ बसून विचारा. चारचौघांत ते सांगणार नाहीत.