सभेला जा, पण पाण्याचा हिशेब ऐकायला जा

निवडणूक लागली की बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला सभेचे आमंत्रण घरपोच मिळते. जीप दारात येते, शेजारचा "चल की, तासाभरात येऊ माघारी" म्हणतो आणि माणूस धारा उरकून निघतो. गावात फिरताना आम्हांला काही जण विचारतात, "साहेब, भाषण तर मोबाईलवर दिसतंय, मग मैदानात जाऊन उपयोग काय?" माझे मत असे, की जावे. मात्र दोन्ही बाजूंच्या सभांना जावे आणि गर्दीवरून निकाल काढू नये.

गर्दीचे म्हणाल, तर २०२४ साल आठवा. लोकसभेच्या प्रचाराची सांगता ५ मे रोजी झाली. बारामतीत एकाच घराण्यातल्या दोन बाजूंच्या सभा त्याच दिवशी झाल्या, एक लेंडीपट्ट्यावर आणि दुसरी मिशन हायस्कूलच्या मैदानावर. माणसे दोन्हीकडे होती. मतपेटी उघडली तेव्हा बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी होती. पुढे २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले आणि त्याच क्षेत्रातून अजित पवार हे युगेंद्र पवारांविरुद्ध लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. साडेसहा महिन्यांत मतदार तेच, मंडपवालाही बहुधा तोच! तेव्हा खुर्च्या किती भरल्या यावर पैज लावू नका.

खुर्च्या मोजणारे वेगळे असतात बरं का. निवडणूक आयोगाचे पथक सभेचे चित्रीकरण करते. खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, चहा-नाश्ता यांचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवते आणि सगळे उमेदवाराच्या खर्चात धरले जाते. २०२२ पासून ही मर्यादा विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख रुपये झाली. म्हणजे तुम्ही ज्या जीपमधून गेलात तिचे भाडेही हिशेबात आले पाहिजे. तिच्यात बसलात म्हणून मताचे देणे लागत नाही. मतदानाच्या दिवशी मात्र उमेदवाराने मतदारांना गाडीतून केंद्रावर नेणे कायद्याने गुन्हा आहे, दोन्हींत गल्लत नको.

आता खरा मुद्दा पाण्याचा. इंदापूरच्या सभेत पाण्याचा शब्द निघाला नाही, असे होत नाही. हर्षवर्धन पाटील आणि दत्तात्रय भरणे २०१४, २०१९ आणि २०२४ असे तीनदा समोरासमोर आले. पाटील दर वेळी वेगळ्या पक्षाकडून होते, पण पाण्याचा प्रश्न त्याच जागी होता. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला. पुण्याकडून धरणात येणारे सांडपाणी उचलायचे, असे सांगितले गेले. सोलापूरचे शेतकरी रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. भरणे त्या वेळी सोलापूरचेच पालकमंत्री होते, म्हणजे माणूस किती अडचणीत सापडतो बघा. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी सांगतात, पण त्यात उपयुक्त साडेत्रेपन्नच. ज्याच्या वाट्यातून पाणी काढायचे तो गप्प बसणार नाही, हे कोणी व्यासपीठावरून बोलत नाही. २०२२ मध्ये लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मंजुरी मिळाली, तेव्हाही सोलापुरातून विरोध झालाच.

म्हणून सभेत "पाणी आणू" हे ऐकून टाळी देण्याआधी कान उघडे ठेवा. कुठल्या धरणातले, कोणाच्या वाट्याचे, उन्हाळ्यात आवर्तने किती, शेपटाच्या गावाला कितवा नंबर? उपसा असेल तर वीजबिल कोण भरणार? उत्तर आले तर तारखेसह वहीत लिहा. नाही आले तर कोऱ्या कागदावर गावाच्या नावाने प्रश्न लिहून कार्यकर्त्याच्या हाती द्या. आरडाओरडा करून सभा मोडू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नीट विचारलेला प्रश्न हा गोंधळ नव्हे, तो तुमचा हक्कच आहे.

ग्रामसेवक, तलाठी आणि आम्हां विस्तारवाल्यांची गोष्ट निराळी. आपले वर्तणूक नियम राजकारणात भाग घ्यायला मनाई करतात. निवडणूक, मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी म्हणून काम केले तर कलम १३४-अ खाली तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. नेता गावातला असो की भावकीतला, आपण व्यासपीठापासून लांबच बरे. हार घालतानाचा एक फोटो चौकशीला पुरतो. गावकऱ्यांना सभेला चला म्हणून सांगणेही आपले काम नाही.

वहीतले ते पान मात्र जपून ठेवा. निकालानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते, त्यात रब्बी-उन्हाळी आवर्तनाचे ठरते आणि आमदारही तिथे बसतात. बैठकीच्या आठवडाभर आधी, सभेची तारीख आणि दिलेला शब्द लिहून, पाणीवापर संस्थेच्या शिक्क्याने शाखा अभियंत्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.