रात्रपाळीला किती माणसं?

चाकणमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यात ग्राहक कंपनीचं ऑडिट असलं, की रिसेप्शनमधल्या सोफ्याकडे कोणी बघत नाही. ऑडिटर सरळ लाइनवर जातो, मशीनशेजारी टांगलेली चेकशीट उलटतो, ऑपरेटरला विचारतो, पार्ट रिजेक्ट झाला तर ठेवता कुठे? आणि लाल क्रेट डोळ्यांनी बघितल्यावरच पुढे सरकतो. पिंपरी-चिंचवडमधल्या असंख्य घरांतली माणसं हे काम रोज करतात. पण त्याच घरातल्या आईला किंवा वडिलांना स्मृतिभ्रंश होतो, घरी सांभाळणं हाताबाहेर जातं आणि कुटुंब एखादं निवासी केंद्र बघायला निघतं, तेव्हा ही सवय गेटबाहेर राहते. रविवारी सकाळी अकरा वाजता जायचं, मॅनेजर दाखवेल ती खोली, बाग आणि देवघर बघायचं, महिन्याचा खर्च आणि डिपॉझिट विचारायचं, चहा घेऊन परतायचं. माझ्या मते अशा केंद्राची पारख एका प्रश्नावर होते: रात्री दोन वाजता तिथे जागी माणसं किती असतात, ती कोण असतात आणि सकाळच्या पाळीला काय सांगून जातात.

हा प्रश्न या पट्ट्यात आताच तीव्र होण्याचं कारण शहराच्या वयात आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. पाठोपाठ साठच्या दशकात बजाज, टेल्को आणि त्यांच्या भोवतीचे असंख्य छोटे कारखाने आले. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून तेव्हा आलेली तरुण पोरं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. प्राधिकरणातल्या घरांत आज दोनच माणसं राहतात, मुलं हिंजवडीत, चाकणच्या शिफ्टमध्ये किंवा परदेशात. देशपातळीवरच्या लासी-डॅड अभ्यासाने ६० वर्षांवरच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला. गावात अशा माणसाला शेजार सांभाळून घेई, चुकून बाहेर पडलं तर कोणीतरी हाताला धरून परत आणी. नाशिक रस्त्याला लागून असलेल्या सोसायटीत ते होत नाही.

रात्रच का? कारण हा आजार झोपेचं चक्र मोडतो. संध्याकाळी बेचैनी वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं, मध्यरात्री माणूस उठून दार शोधतो, अंधारात संडासला जाताना पडतो. दिवसा केंद्रात डॉक्टर, फिजिओ, मॅनेजर, स्वयंपाकाच्या मावशी, भेटायला आलेले नातेवाईक अशी वर्दळ असते. रात्री ती सगळी निघून जाते आणि उरते फक्त पाळीवरची माणसं. त्यांचा हिशेब कारखान्यातल्या माणसाला बोटांवर करता येईल. मॅनेजर सांगतो, आमचा वीस जणांचा स्टाफ आहे. त्यातून स्वयंपाकी, वॉचमन, ड्रायव्हर, ऑफिस आणि साफसफाई वजा केली की अंगाला हात लावून सेवा करणारे बारा उरतात असं धरू. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८. म्हणजे चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, रजा धरली तर चार. बाराला चारने भागा: एका वेळी तीन. सकाळी अंघोळी, नाश्ता, औषधं असल्यामुळे तिथे माणसं जास्त लावतात, म्हणून रात्री दोन. बारा तासांच्या पाळ्या असतील तर आकडा थोडा वाढेल, पण मग पहाटे चार वाजता समोरचा माणूस त्याच्या कामाच्या नवव्या तासात असेल.

आता या दोघांसमोर तीस निवासी आहेत. त्यांतले आठ जण स्वतः कूस बदलू शकत नाहीत. पाठीला आणि टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. डायपर ओला असेल तर तो बदलायचा, चादर सरळ करायची. दोघांनी मिळून केलं तरी एकामागे दहा मिनिटं. म्हणजे दर १२० मिनिटांतली ८० मिनिटं दोघेही त्या आठ जणांपाशी गुंतलेले. बाकीच्या बावीस जणांपैकी कोणी त्या ८० मिनिटांत उठून जिन्याकडे निघालं, तर त्याला बघणारं कोणी नाही. इथे माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. आणि हात कमी पडले की दोन सोपे उपाय पुढे येतात: पलंगाला बांधणं किंवा गोळी देऊन झोपवणं.

त्या दोन्हींबद्दल थांबून बोलायला हवं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाड शब्दशः येतो, आणि अशा माणसांना ठेवून घेऊन त्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. त्याच कायद्याचं ९७ वं कलम सांगतं, की तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने माणसाला बांधता येईल. शिक्षा म्हणून नाही आणि स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच. "आमचं हॉस्पिटल नाही, आम्ही फक्त सांभाळतो" असं काही केंद्रं म्हणतात. कायद्याचे शब्द वाचले तर स्मृतिभ्रंशाचा खास विभाग चालवणाऱ्याला ही पळवाट मिळते असं मला वाटत नाही. गोळ्यांचं म्हणाल, तर रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन या जातीच्या औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच त्यांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. कधी ती द्यावी लागतात, हे खरं. पण कोणी लिहून दिली, कशासाठी, आणि कमी कधी करणार, हे तिन्ही कागदावर असायला हवं.

संख्येइतकीच ओळख मोलाची. टेल्कोत तीस वर्षं काढलेला माणूस पहाटे साडेचारला उठून बूट शोधतो, कारण त्याच्या मनात फर्स्ट शिफ्टची बस चुकणार असते. नवा, महिन्याभरापूर्वी नर्सिंग ब्यूरोने पाठवलेला मुलगा त्याला पलंगाकडे ओढतो. मग आरडाओरडा, झटापट, आणि रजिस्टरमध्ये नोंद होते "पेशंट हिंसक". वर्षभर तिथेच असलेला ब्रदर म्हणतो, "काका, आज गुरुवार, सुट्टी आहे. चहा घेऊ." पिंपरी-भोसरीत कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातून हे सहज होतं. भाषेचंही तसंच. या आजारात नंतर शिकलेल्या भाषा आधी निसटतात, लहानपणची टिकते. कोपरगावकडची आजी "लघवीला जायचंय" हे तिच्याच बोलीत सांगणार. ते रात्री समजणारं एक तरी माणूस हवं. म्हणून महिन्याच्या खर्चाआधी विचारा: सेवा करणाऱ्यांत एक वर्षाहून जास्त टिकलेले किती?

हे सगळं कुटुंबानेच का करायचं, हा रास्त प्रश्न आहे. कारण दुसरं कोणी करत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्याला किमान एक, १५० निराधारांना पुरेल असा वृद्धाश्रम असावा असं म्हटलं; खासगी केंद्रांच्या सेवेचे निकष त्यात नाहीत. ते आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि त्या लोकसभेबरोबरच संपलं. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी दारांची रुंदी, लिफ्ट, रॅम्प यांचे नियम घालून दिले, ते चांगलेच आहेत. पण ९०० मिलिमीटरच्या दारातून रात्री आत कोण येणार हे नियम सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये सरकारी तपासनीस केअर होममध्ये जातात आणि त्यांचा अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे ती सोय होईपर्यंत ऑडिटर आपणच.

माणसांच्या सेवेला कारखान्याचं माप लावू नये, अशी हरकत येईल. मायेचं माप नसतं, हे मान्य. पण कूस बदलल्याची वेळ, पाणी किती प्यायलं, महिन्याचं वजन यांना माप असतं आणि माया असलेली माणसंच ती काळजीने लिहितात. वजनाची वही जरूर बघा. तीन महिन्यांत तीन-चार किलो उतरले असतील आणि शेजारी कोणताच शेरा नसेल, तर तिथे भरवायला कोणी बसत नाही असं समजावं. रात्री बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, ही दुसरी अडचण खरी आहे आणि निवाशांची झोप जपण्यासाठी ते योग्यही आहे. मग संध्याकाळी साडेसातला, पाळी बदलताना जा. मागच्या तीन रात्रींचं हँडओव्हर रजिस्टर, इतरांची नावं झाकून, दाखवायला सांगा. तिन्ही पानांवर "सर्व ठीक" एवढंच असेल तर ते कोणी जागेपणी लिहिलेलं नाही.

तिसरी हरकत पैशाची, आणि ती सर्वांत जड आहे. जास्त हात मागितले तर दर वाढणार. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर अडकली आहे. सत्तरीवरच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड हॉस्पिटलात दाखल झाल्यावर चालतं, वर्षानुवर्षांच्या सांभाळाला नाही. निवृत्त कामगाराच्या घराला हे परवडत नाही, आणि महापालिकेने व कंपन्यांच्या सीएसआर निधीने यात उतरायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण जे कुटुंब आज पैसे भरतंच आहे, त्याने ते बागेसाठी भरावेत की तिसऱ्या माणसासाठी, एवढी निवड त्याच्या हातात आहे. आई-बापांना "टाकलं" हा टोमणाही त्याच कुटुंबाला ऐकावा लागतो. घरी एकटी सून अठरा तास राबून आजारी पडते, त्यापेक्षा तीन पाळ्यांत वाटलेला सांभाळ त्या वृद्धालाही बरा, असं मी मानतो. अट एवढीच की तिन्ही पाळ्या खरोखर भरलेल्या हव्यात.

करारात रात्रीच्या माणसांची संख्या लिहून घ्या, न विचारता बांधणार नाही हे लिहून घ्या. दाखल करताना एक पानभर माहिती द्या: कोणत्या शिफ्टला जायचे, बस कुठून पकडायचे, चहात साखर किती, कोणत्या नावाने हाक मारली की वळून बघतात. आणि पंधरा दिवसांनी रात्रीच्या माणसाला विचारा, ते पान त्याच्यापर्यंत पोचलं का.