एकच गाडी, दोन चालक

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पहिला कोण आला, याची बातमी सगळीकडे छापून येते. आठवा कोण आणि अकरावा कोण, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. सुरतच्या उधन्यात राहणाऱ्या आमच्या साडूंच्या घरी मात्र भांडण पेटले आहे ते नेमके याच मधल्या फळीवरून.

साडू आपल्याच भागातले. यंत्रमागाच्या कामाला म्हणून तिकडे गेले आणि आज एका शेडमध्ये जॉबर आहेत. त्यांचा थोरला सर्जिओ पेरेझचा भक्त, तर धाकटा निको हुल्केनबर्गचा. हे दोघे 2014 ते 2016 अशी तीन वर्षे फोर्स इंडिया संघात एकत्र होते. बेंगळुरूच्या विजय मल्ल्यांचा तो संघ, त्यामुळे पोरांना तो घरचाच वाटे. 6 जुलै 2025 रोजी सिल्व्हरस्टोनला हुल्केनबर्ग तिसरा आला. तब्बल 239 व्या शर्यतीत तो पहिल्यांदा पहिल्या तिघांत आला आणि विझलेले भांडण पुन्हा धगधगले. "काका, दोघांत भारी कोण ते तुम्हीच सांगा," असा फोन आला. साडूंचा निकाल तयार होता, "पॉइंट बघा, विषय संपला."

वाचकहो, विषय इतक्यात संपत नाही. मोटार शर्यतीत माणसाइतकीच गाडीही धावत असते. चांगला चालक हळू गाडीत बसला तर तो मागेच राहणार. त्यामुळे दोन वेगळ्या संघांतल्या चालकांची तुलना करणे अवघड असते. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या मात्र जवळजवळ सारख्या असतात. म्हणून चालकाची पारख करायची तर त्याच्या जोडीदाराशी, असा या खेळातला रिवाज आहे.

साडूंना हे वेगळे समजवायला नको. आपला माग काय किंवा कन्नडमधला मग्ग काय, एका शेडमधले, एकाच बनावटीचे माग दोन कामगारांना दिले तर कोणी किती मीटर कापड काढले ते दिसतेच. पण एकाच्या मागावरच्या बीमला कच्चे सूत असेल तर त्याचा निम्मा दिवस तुटलेले धागे सांधण्यात जातो. शहाणा जॉबर आधी बीम बघतो, मग माणसाला बोलतो. शर्यतीचे पॉइंटही तसेच वाचायचे असतात.

आता आकडे. 2014 मध्ये हुल्केनबर्गचे 96, पेरेझचे 59. 2015 मध्ये पेरेझचे 78, हुल्केनबर्गचे 58. 2016 मध्ये पेरेझचे 101, हुल्केनबर्गचे 72. तिन्ही वर्षांची बेरीज पेरेझ 238, हुल्केनबर्ग 226. थोरला म्हणतो, बारा पॉइंट जास्त आणि चार वेळा पहिल्या तिघांत, आणखी काय हवे? धाकटा म्हणतो, शनिवारच्या पात्रता फेरीत जास्त वेळा पुढे कोण होता ते सांग.

दोघांचेही खरे आहे, कारण पॉइंट फक्त पहिल्या दहांना मिळतात. तिसऱ्याला 15, पाचव्याला 10, दहाव्याला 1 आणि अकराव्याला भोपळा. आघाडीच्या संघांना याची झळ लागत नाही. मधल्या फळीत मात्र दहावा आणि अकरावा यांत एका सेकंदाचे अंतर असले तरी हिशोबात एक जण असतो आणि दुसरा नसतो. उलट एखाद्या दिवशी तिसरा क्रमांक लागला की पंधरा वेळा दहावे येण्याची कमाई एकदम होते. 2014 च्या बहारीनच्या शर्यतीत पेरेझ तिसरा आला. त्याच्या वर्षभरातल्या 59 पैकी 15 पॉइंट त्या एका दिवसाचे. त्याच वर्षी हुल्केनबर्गने पहिल्या दहाही शर्यतींत पॉइंट मिळवले. आणि त्याच वर्षी मलेशियात गिअरबॉक्स बिघडल्याने पेरेझला शर्यत सुरूच करता आली नाही. हा भोपळा गिअरबॉक्सचा, चालकाचा नव्हे.

पॉइंट किती फसवतात याचे आणखी ठळक उदाहरण आपल्या नारायण कार्तिकेयनचे. 2005 मध्ये तो जॉर्डन संघात होता. पुढे मिडलँड, मग स्पायकर असे होत हाच संघ 2008 मध्ये फोर्स इंडिया झाला. त्याचा जोडीदार होता पोर्तुगालचा टियागो मॉन्तेरो. त्या वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिसला टायरच्या धोक्यामुळे मिशेलिन टायर वापरणाऱ्या 14 गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच परत फिरल्या आणि फक्त सहा गाड्या धावल्या. मॉन्तेरो तिसरा, नारायण चौथा. वर्षाअखेर मॉन्तेरोचे 7 पॉइंट, नारायणचे 5. दोघांच्या मिळून 12 पॉइंटांपैकी 11 त्या एका दिवसाचे! यावरून कोण सरस ते कसे ठरवणार?

मग बघायचे काय? पहिले म्हणजे शनिवारची पात्रता फेरी, आणि तीही पाऊस नसताना व दोन्ही गाड्या धड असताना. दुसरे, रविवारी दोघांनी शर्यत पुरी केली तेव्हा पुढे कोण होता. तिसरे, जो बाहेर पडला तो स्वतःच्या चुकीने, दुसऱ्याच्या धडकेने की गाडीच्या बिघाडाने. चौथे, मोठे संघ चुकले त्या दिवशी संधी कोणी साधली.

या चार कसोट्या लावल्या तर माझा निकाल असा. एकाच फेरीत जीव तोडून वेग काढण्यात हुल्केनबर्ग थोडा पुढे. टायर जपत शर्यत शेवटपर्यंत नेण्यात पेरेझ पुढे. बहारीन, सोची, मोनॅको आणि बाकू, चारही ठिकाणी त्याने संधी पकडली. एकदा घडले तर त्याला नशीब म्हणू, पण तशाच गाडीत बसलेल्या जोडीदाराला एकदाही न जमलेली गोष्ट याला चारदा जमली, तर त्याला कसब म्हणावे लागते. एकूण माप पेरेझकडे झुकते, पण गुंजभरच.

इथे एक मेख आहे. दोन मुलांना पाठीला पाठ लावून उभे केले तर उंच कोण ते कळते, पण किती फूट ते कळत नाही. हाच पेरेझ पुढे रेड बुलमध्ये मॅक्स व्हर्स्टापेनच्या शेजारी गेला. 2023 मध्ये व्हर्स्टापेनचे 575 पॉइंट, याचे 285. जगात दुसरा येऊनही तो घरात निम्मा ठरला! माणूस तोच होता, फक्त मोजपट्टी बदलली.

हा वाद नुसता पोरांचा असता तर सोडून दिला असता. पण याच तुलनेवर चालकांची भाकरी ठरते. 2013 मध्ये फोर्स इंडियाच्या पॉल डी रेस्टाने 48 पॉइंट मिळवले, जोडीदार एड्रियन सुटिलने 29. जोडीदाराला हरवूनही पुढच्या वर्षी डी रेस्टाला जागा उरली नाही. एस्तेबान ओकॉनने 2017 मध्ये, पहिल्याच पूर्ण हंगामात, पेरेझच्या 100 पॉइंटांसमोर 87 मिळवले, तरी 2019 मध्ये तो घरी बसला. खुद्द हुल्केनबर्गला 2020 ते 2022 पूर्ण हंगामाची गाडी मिळाली नाही. मधल्या फळीत कसबाबरोबर प्रायोजकांचा पैसा, करार आणि मोकळी जागा यांचाही जोर चालतो. म्हणून आकडा नीट वाचणे ही निदान बघणाऱ्यांची तरी जबाबदारी.

आपल्या सीमाभागातल्या घरांत तर हे रोजचेच. थोरली मराठी शाळेत, धाकटा कन्नड किंवा इंग्रजी शाळेत. एकीला घरात बोलतो तीच भाषा वर्गात मिळाली, दुसऱ्याला पहिली दोन वर्षे भाषा समजण्यातच गेली. निकालाच्या दिवशी आपण दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवतो आणि म्हणतो, "बघ, ताईकडून शीक." एक घर, एक ताट, तेव्हा गाडी एकच, असे आपण धरून चालतो. या वेळी निकाल लागला की टक्क्यांकडे बघण्याआधी बीम बघा. कोणाच्या वाट्याला कोणते सूत आले होते ते एकदा विचारा, आणि मग खुशाल बोला.