मोहल्ला आणि दवाखाना यांची जोडी



लसीकरणाचे पथक आले की आपल्या काही मोहल्ल्यांत आजही दार अर्धेच उघडते. अशा घरांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अविश्वास कशातून येतो आणि कसा जातो, हे पोलिओच्या लढाईत आपल्या देशाने पाहिले आहे.

२००२ साली भारतात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण आढळले. बहुतेक उत्तर प्रदेशातले, आणि त्यांत मुस्लिम मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. डोसाने पुढे मूल होत नाही, अशी अफवा पसरली होती. तिच्या जोडीला एक खरी तक्रारही होती : तापाला औषध मिळत नाही, गटारे तुंबलेली आहेत, मग या दोन थेंबांसाठीच सरकार पुन्हा पुन्हा दारात का येते?

सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी एकत्र काम करीतच होते. लस होती, पैसा होता. नव्हता तो भरवसा. मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया आणि जामिया हमदर्द यांना सोबत घेतले गेले. उलेमांनी आवाहन केले, मस्जिदींतून ऐलान होऊ लागले. मोहल्ल्यातल्याच स्त्रिया घरोघरी जाऊन आयांशी बोलू लागल्या आणि कोणते मूल राहिले याची नोंद ठेवू लागल्या. तक्रारही ऐकली गेली : आरोग्य शिबिरे भरली, स्वच्छता आणि जुलाबावरचे ओआरएस हेही कामात आले.

२००९ मध्ये ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. नवी, अधिक प्रभावी लस आली हेही त्याचे कारण आहेच. पण बाटलीतली लस कोणाला वाचवीत नाही.

यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. ज्याच्याकडे जे आहे, त्याने ते आणावे. सरकारकडे लस आहे, मोहल्ल्याकडे ओळख आणि विश्वास आहे. मात्र इमाम साहेबांना फक्त ऐलानापुरते बोलावणे म्हणजे भागीदारी नव्हे. योजना ठरतानाच त्यांना आणि मोहल्ल्यातल्या भगिनींना बसवले पाहिजे.

२०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली. तेव्हा हे काम संपलेले नाही. आपल्या मस्जिदीच्या ट्रस्टने आणि महिला मंडळाने आशाताई व नर्सताईंसोबत महिन्यातून एकदा बसावे. राहिलेल्या मुलांची यादी मागावी, आयांना सोयीची वेळ सांगावी. आणि दवाखान्यात औषध नसेल, डॉक्टर येत नसतील, तर तेही त्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. दोन्ही बाजूंचे ऐकले गेले, तरच दार पूर्ण उघडेल.