तीस वॅटला हसू नका

कॉमन रूमसाठी स्पीकर घ्यायचे असं मीटिंगमध्ये ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून सिव्हिल ते कॉम्प्युटर, झाडून सगळ्यांना ध्वनिशास्त्र यायला लागलं. मेसच्या रांगेत एकच प्रश्न, "किती वॅटचे घ्यायचे?" दुसरा एक गट तर म्हणतोय, तो जुना खोका भंगारात घाला आणि रंगीत लाइट मारणारा पार्टी स्पीकर आणा. विषय कट! मंडळी, माझा या दोन्ही पक्षांना विरोध आहे. पैसा सगळ्यांच्या हॉस्टेल फंडातला आहे, म्हणून तो विरोध इथे लेखी नोंदवतोय.

आधी खोक्याबद्दल. तो मॅरांट्झ २२३० आहे. सत्तरच्या दशकातला रिसीव्हर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच डब्यात. अमेरिकेहून आणलेला हा सेट सरांनी निवृत्त होताना टर्नटेबल आणि रेकॉर्ड्ससकट हॉस्टेलला दिला. स्पीकर मात्र आधीच निकामी झाले होते. (सोबतचा जडशीळ स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर काढून कोणीही शहाणपणा करू नये. खोका १२० व्होल्टचा आहे, आपला प्लग २३० चा.) पॉवर दर चॅनलला ३० वॅट, ८ ओहमवर.

"फक्त तीस? माझ्या पीसीच्या डबड्यांवर हजार लिहिलंय!" लिहिलं असेल. ते पीएमपीओ. त्या आकड्याला कुठलंही सर्वमान्य स्टँडर्ड नाही, छापणाऱ्याच्या मनाला येईल तो. डबड्याच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर दिलेले असतात, त्यांचा गुणाकार करून बघा. १२ व्होल्ट, दीड अ‍ॅम्पिअर म्हणजे झाले १८ वॅट. आत अठरा जाऊन बाहेर सतत हजार येत असतील तर ताबडतोब महावितरणला कळवा, राज्याचा प्रश्न मिटेल. असली आकडेबाजी अमेरिकेतही होतीच. म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर सांगायची तर सतत देता येणारी सांगा, आणि किती ओहमवर, किती डिस्टॉर्शनला, तेही सांगा. आपले तीस या प्रामाणिक जातीतले आहेत.

आता जो आकडा कोणीच विचारत नाही, तो. स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज काढतो, ही त्याची सेन्सिटिव्हिटी. समजा एक स्पीकर ८४ चा आहे आणि दुसरा ९० चा. फरक सहा डेसिबलचा, म्हणजे पॉवरच्या हिशेबात चौपट. ९० वाला ३० वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८४ वाल्याला १२० वॅट पाजावे लागतात. म्हणजे नुसता स्पीकर नीट निवडला तर चौपट मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्यासारखंच आहे, आणि तोही फुकटात!

आणि स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले वॅट? तो किती सोसेल ते सांगतात, किती वाजेल ते नाही. शंभर वॅट लिहिलेला स्पीकर आपल्या तीसला खुशाल चालतो. भीती वेगळीच आहे. मंद स्पीकर घेतला, आवाज पुरेना म्हणून गॅदरिंगच्या रात्री कोणी उत्साही वीराने व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवला, की अ‍ॅम्प क्लिप होणार. साइन वेव्हचं डोकं छाटलं की काय होतं ते सीआरओवर सगळ्यांनी पाहिलंय, जर्नलमध्ये उतरवलंय (बहुतेकांनी दुसऱ्याच्या जर्नलमधून). ती वरची हार्मोनिक्स आणि वाढलेली सरासरी पॉवर थेट ट्वीटरला भिडते नि तो जळतो. छोट्या अ‍ॅम्पने मोठा स्पीकर जळतो तो असा.

मग सगळेच स्पीकर ९० चे का नसतात? कारण हॉफमनचा नियम. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे हाच हॉफमन. छोटी पेटी, खोल बेस, जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. १९५४ मध्ये एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर-१ हा बंद पेटीचा स्पीकर आणला. त्या मानाने लहान पेटीतून खोल बेस आला, पण किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजावी लागली. शौकीन लोक ज्याच्यावर आजही जीव टाकतात तो बीबीसीचा एलएस३/५ए तर ८३ डेसिबलच्या आसपासच आहे. तो बनवला होता ओबी व्हॅनसाठी! व्हॅनमध्ये किंवा रेक्टर सरांच्या क्वार्टरमध्ये तो शोभेल. आपल्या कॉमन रूममध्ये शंभर पोरं आणि चार पंखे असतात, जागेची टंचाई नाही. कॅरमच्या मागच्या भिंतीला कमरेएवढ्या पेट्या आरामात बसतील. तेव्हा मोठी पेटी घ्या आणि ८९-९० च्या खाली उतरू नका.

ओहमचं मात्र सांभाळा. खोक्यावर स्पीकरच्या दोन जोड्यांची सोय आहे, मेन आणि रिमोट. दोन्ही बटणं दाबली की ८ ओहमच्या दोन जोड्या पॅरललमध्ये येऊन ४ ओहम होतात. जोड्याच ४ ओहमच्या घेतल्या तर उरतात २, आणि पन्नास वर्षांच्या ट्रान्झिस्टरची परीक्षा. शिवाय ४ ओहमवाल्यांची एक गंमत आहे. सेन्सिटिव्हिटी बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर दिलेली असते. ८ ओहमवर तो एक वॅट होतो, ४ ओहमवर दोन. म्हणजे कागदावर तीन डेसिबल आपोआप वाढतात. तर घ्यायचे ८ ओहमचेच.

चोरबाजारातून किंवा लॅमिंग्टन रोडवरून जुने आणायचा विचार असेल तर माझी हरकत नाही. सोनोडाइनसारखे देशी स्पीकरही अधूनमधून सापडतात. फक्त जाळी काढून कोनच्या कडेचा फोम बोटाने तपासा. भुगा हातात आला तर नवा फोम बसवायचा खर्च किमतीत धरा. पोर्टवाली पेटी घेतलीत तर वाकड्या रेकॉर्डवर वूफर नुसताच आत-बाहेर हलताना दिसेल, कारण पोर्टच्या फ्रीक्वेन्सीखाली कोनला हवेचा आधार उरत नाही. टर्नटेबल लावणाऱ्यांना म्हणूनच बंद पेटी बरी.

स्पीकर जोडण्याआधी खोका इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये न्या. आउटपुटला ८ ओहमचा रेझिस्टर लावा आणि डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. व्होल्टमध्ये दिसला तर आधी कपॅसिटर बदला, नाहीतर नव्या स्पीकरची पहिल्याच दिवशी राख.

ऐकून घेताना एफएमवर भरवसा ठेवू नका. अमेरिकन ट्यूनरचा डीएम्फसिस ७५ मायक्रोसेकंदांचा, आपल्या स्टेशनांचा हिशेब ५० चा. त्यामुळे वरचे सूर मुळातच दबलेले येतात आणि खापर फुटतं स्पीकरवर. त्यापेक्षा माणसाचा ओळखीचा आवाज असलेली सीडी लावा.

दुकानातल्या एसी खोलीत सगळंच गोड वाजतं. जोडी दोन दिवस कॉमन रूममध्ये लावून बघायला जो देईल, त्याचंच क्वोटेशन घ्यावं असं मी मीटिंगमध्ये मांडणार आहे. वायर मी आणतो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी दीड स्क्वेअर एमएमची, पाच मीटरला जाऊन-येऊन ०.१२ ओहमच्या आसपास. ज्यांना हजार रुपये मीटरची केबल हवी आहे, त्यांनी ती स्वतःच्या खिशातून आणावी.