बोलपटाचा विस्मृत लेखक

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात हिंदी चित्रपट बोलू लागला. त्या ‘आलम आरा’ची कथा जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून घेतलेली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ‘शनवार तेली’ म्हटल्या जाणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे हे लेखक! आज त्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले. तोवर पुष्कळ फिती नष्ट झाल्या होत्या. उरले असतील ते कागद. घर आवरताना मीच जुन्या गाण्यांच्या पुस्तिका रद्दीत घातल्या; ती चूक आज बोचते. इंदूरच्या जुन्या वाड्यांतील पेट्या उघडताना वाचकांनी तरी ती करू नये. फीत गेली, लेखकाचे नाव जाऊ नये.